आबांची घागर

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते. आमच्याकडे मी काही सांगायला लागले की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकतात, कधी कधी नुसतेच हसतात. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, हे खरं आहे. ओट्यावर पाल पडली, मागून कुणी एकदम 'मेघा' म्हटलं, की माझ्या हातातलं भांडं खाली गेलंच. प्रेमराज, म्हणजे माझा नवरा, मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून 'दचकी' म्हणतो आणि हा विनोद त्याला अजून ताजा वाटतो. तेव्हा भित्र्या बाईची गोष्ट म्हणूनच ऐका. फक्त ही अंधाराची, घुबडांची गोष्ट नाही. ती घडली तेव्हा बाहेर असं पांढरं ऊन होतं की अंगणाकडे बघताना डोळे मिटावे लागत होते.

सुरुवात झाली ती एक घागर विकत घेण्यापासून.

आम्ही दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी जायचं होतं, धुळ्यापासून अर्ध्या तासावरच्या गावी. आदल्या दिवशी अक्कांचा, माझ्या सासूबाईंचा फोन आला की येताना घागर घेऊन या, गावातल्या कुंभारानं चाक सोडून मोबाईलचं दुकान टाकलंय. म्हणून भुसावळच्या बाजारात गाडी थांबवली. मांडीवर दीड महिन्याचं बाळ आणि मागच्या सीटवर पाय झाडत बसलेली अडीच वर्षांची नेहल, अशी मी गाडीतच बसून राहिले. प्रेमराज एकेक घागर कानाशी धरून बोटानं वाजवत होता. घरी पंख्याचं बटण बिघडलं तर हा माणूस इलेक्ट्रिशियनला बोलावतो, पण घागरी तपासताना चेहरा असा, जणू सगळं वीज केंद्र त्याच्याच कानावर चालतं.

आखाजीची घागर म्हणजे गेलेल्या माणसाची घागर. घरातल्या पितरांसाठी नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या. मग दुपारी निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून गेलेल्याला नावानं हाक मारायची, की या, पाणी प्या. उन्हातून लांबून येतात बिचारे, तहान लागलेली असते. आमच्याकडची घागर होती लोटन आबांची.

लोटन आबा हे प्रेमराजचे आजोबा. मला ते जेमतेम वर्षभर मिळाले, पण माणसाच्या अंगात किती तुच्छता मावू शकते ते तेवढ्यात कळलं. ओसरीवर खाटेवर पडून असायचे. मी पाणी नेलं की पितळी पेला हातात घ्यायचे, त्यात एक बोट बुडवायचे, बोट झटकायचे आणि नाकातून एक आवाज काढायचे. "हं..." मग म्हणायचे, "कोमट." आणि पाणी अंगणात ओतून द्यायचे. माठातलं नेलं तरी कोमट. फ्रिजमधलं, पेल्याला बाहेरून दव आलेलं नेलं तरी कोमट. तेच पाणी अक्कांनी नेलं की गटागटा प्यायचे. शहरातली, बी.एस्सी. झालेली, नोकरीच्या गोष्टी करणारी नातसून त्यांना पसंत नव्हती, आणि ते सांगायला त्यांना एवढं एकच अक्षर पुरायचं.

ते गेले तेही उन्हाळ्यात. घरची सगळी माणसं लग्नाला गेली होती, घरात मी एकटी. त्यांनी पाणी मागितलं. मी पेला नेला. त्यांनी बोट बुडवलं, झटकलं. "हं..." एवढं म्हटलं आणि मान टाकली. पुढचा 'कोमट' राहूनच गेला. आबा तहानलेले गेले, असं त्यानंतर घरात दर वेळी म्हटलं जातं, आणि म्हणताना सगळ्यांचे डोळे न चुकता माझ्याकडे वळतात. शेवटच्या श्वासाला घोटभर पाण्यापेक्षा नातसुनेचा अपमान ज्याला महत्त्वाचा वाटला, त्याच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

नेहल झाली तेव्हा कुणीही कुणाच्या रूपानं आलं नाही. मुलगी झाली, एवढंच. मुलीच्या जन्माला येणं आबांना कमीपणाचं वाटलं असणार. पण या वेळी मुलगा झाला आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांनी दवाखान्यातच बाळाचा कान दुमडून मागचा तीळ शोधून काढला. आबांना तिथंच तीळ होता म्हणे. तीळ कुणाला नसतो? पण नानांच्या डोळ्यांतून पाणी. "आबा उनात वं," अक्कांना म्हणाले, "आपला आबा उनात." आपले आबा आले. झालं. त्या दिवसापासून बाळाला कुणी बाळ म्हटलं नाही. आबा उठले का, आबांना टोपडं घाला. नाना रोज व्हिडिओ कॉल करून म्हणायचे, आबाले दखाड, आबांना दाखव. प्रेमराजही तसंच म्हणायला लागला. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस! बारसं आखाजीनंतर व्हायचं होतं, नाव ठेवलेलं नव्हतं. दीड महिना एकच हाक कानावर पडून बाळ 'आबा' म्हटलं की मान वळवायला लागलं होतं. घरच्यांना तोही पुरावा वाटला.

धुळ्याच्या रस्त्यावर, मागे नेहलच्या पायांशी ती घागर डुगडुगत असताना, मला साधी शंका आली. मी प्रेमराजला विचारलं, बाळ जर आबा आहेत तर ही घागर कुणासाठी?

"तू ना, सगळ्यात केमिस्ट्री आणतेस."

"ही केमिस्ट्री नाही. घागर भरून उद्या हाक मारणार, आबा या. मग येणार कोण? आणि मांडीवर आहे तो कोण?"

"दचके, सण आहे. रस खायचा, पोळी खायची, झोपायचं." त्यानं एसी वाढवला. बोलणं संपवायची त्याची तीच पद्धत आहे.

घरी पोचल्यावर हेच मी अक्कांना विचारलं. त्या आणि सणाला माहेरी आलेली ताईबाई, माझी नणंद, कुरडया तळत होत्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "शिकेल बाईले पानीनाबी भेव वाटस," अक्का म्हणाल्या, आणि ताईबाईनं झारा तसाच हातात धरून पोट धरलं. शिकलेल्या बाईला पाण्याचीही भीती वाटते. मीही जरा हसले. अशा वेळी हसावं लागतं, नाहीतर रुसली म्हणतात.

आखाजीच्या दिवशी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात गहू पसरून त्यावर घागर मांडली. वर पिवळं डांगर, बाजूला सांजोऱ्या, आणि पुढ्यात आबांचा तो पितळी पेला, चिंचेनं लखलखीत घासलेला. नव्या मातीच्या घागरीला पाणी भरलं की ती बाहेरून ओलावते. पाणी जिथवर असतं तिथवर माती काळपट दिसते आणि वरती फिकी. ती काळी रेघ तेव्हा घागरीच्या गळ्याशी होती, हे मला चांगलं आठवतं. खोलीभर ओल्या मातीचा आणि आंब्याच्या रसाचा वास कोंडला होता.

मी पलीकडच्या खोलीत बाळाला पाजत बसले होते. मध्ये फक्त पडदा. नानांनी निखाऱ्यावर तूप सोडलेलं ऐकू आलं, चर्र झालं, धूर पडद्याखालून आत आला. मग नाना, एरवी मोठ्यानं बोलणारे नाना, अगदी हळू म्हणाले, "लोटन आबा, या... पानी प्या."

बाळाचे ओठ सैल पडले.

"आबा, या..."

त्यानं दूध सोडलं.

"या आबा... पानी प्या."

त्यानं मान पडद्याकडे वळवली. आणि नाकातून, स्पष्ट, एक आवाज केला. हं.

माझ्या कोपराचा धक्का लागून रसाची वाटी खाली गेली. पलीकडून ताईबाई हसली, "फोडी वं, फोडी!" मी पदरानं बाळाचं नाक पुसलं. लहान मुलं नाकातून हजार आवाज काढतात. नाक चोंदलेलं असतं, गळ्यात दूध असतं.

पण त्यानंतर तो प्यायलाच नाही.

आधी वाटलं, पोट भरलं असेल. थोड्या वेळानं परत घेतला, तोंड मिटलेलं. जबरदस्तीनं थेंब ओठांवर सोडले तर ते गालावरून मानेत गेले. रडला असता तरी मला बरं वाटलं असतं. तो रडत नव्हता. माझ्याकडे बघत होता. दीड महिन्याच्या बाळाला तुच्छतेनं बघता येत नाही. तेवढे स्नायूच तयार झालेले नसतात, मी वाचलेलं आहे. तरीही तो ज्या नजरेनं बघत होता ती मी ओळखत होते. त्या ओसरीवर तिच्यासमोर मी वर्षभर पेला धरून उभी राहिले होते.

लंगोट कोरडाच येत होता. धुळ्याला दवाखान्यात जाऊ या, असं मी म्हटलं. प्रेमराज तीन पोळ्या आणि रस खाऊन झोळीशेजारच्या सोफ्यावर लवंडला होता. ऊन उतरलं की जाऊ म्हणाला. नाना म्हणाले, पितर घरात आलेले असताना लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. अक्कांनी माझ्या हातातून बाळ घेतलं, आबा आबा म्हणत झोळीत घातलं आणि मला सांगितलं की दोन मुलांची आई झालीस, आता तरी शहाणी हो. मग सगळे झोपले. खानदेशातल्या घरांत आखाजीच्या दुपारी जी झोप लागते तिला झोप म्हणायचं नाही, घरात कुणी मेलं तरी कळू नये अशी ती असते. नाना पडवीत घोरत होते, अक्का आणि ताईबाई स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडव्या. आणि तेवढ्यात लाइट गेली.

कूलरचं पातं हळूहळू थांबलं. कूलरमधलं पाणी थोडा वेळ टपटपलं, तेही थांबलं. बाहेर एक कावळा ओरडायला लागला आणि मध्येच गप्प झाला. दारं-खिडक्या उन्हासाठी बंद केलेल्या, त्यामुळे भर दुपारी खोलीत संध्याकाळ. फक्त दाराच्या फटीतून उन्हाची एक पांढरी पट्टी फरशीवर पडलेली. मी झोळीची दोरी धरून बसले होते. आणि मग पडद्यापलीकडून आवाज आला.

गट... गट...

थोडं थांबून परत. गट...

नव्या घागरीची माती पाणी शोषते, तिच्यातली हवा बुडबुड्यांनी वर येते. याला काहीही अर्थ नसतो. मी स्वतःला हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना लक्षात आलं, की शेजारी चटईवर निजवलेली नेहल तिथं नाही.

पडदा बाजूला केला. नेहल घागरीपुढे उभी होती, पाठमोरी. दोन्ही हातांनी आबांचा पेला उचलून धरला होता, पायाच्या बोटांवर उभी राहून. खाटेवर बसलेल्या माणसाला देताना धरतात तेवढ्या उंचीवर. तिथं खाट नव्हती. तिथं भिंत होती आणि भिंतीशी घागर. आणि घागरीवरची ती काळी ओली रेघ गळ्याशी राहिली नव्हती, पोटाच्याही खाली गेली होती. वरचं डांगर जसंच्या तसं, त्याचा कुंकवाचा टिळासुद्धा विस्कटलेला नाही. नेहलला ते उचलणं शक्य नव्हतं.

"नेहल..." मी म्हटलं.

"शूऽऽ. बाळ पाणी पितंय."

"बाळ आत आहे ना, राणी. झोळीत."

ती मागे न वळता म्हणाली, "आत कोणी नाही."

मी उभी राहिले. पळायला हवं होतं, पण कुठे पळू? एक मूल इकडे, एक तिकडे. नेहलनं पेला खाली घेतला. त्यात डोकावून बघितलं. मला दिसत होतं, पेला रिकामा होता, तळाशी पितळ चमकत होतं. तिनं त्यात बोट घातलं, बाहेर काढून झटकलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"बाळ असं करतं," म्हणाली. "कोमट."

नेहलला पाण्यासाठी दोनच शब्द येतात, गम आणि गाल, म्हणजे गरम आणि गार. आबा तर ती जन्मायच्या आधीच गेले. हा शब्द तिला आमच्यापैकी कुणी शिकवला असेल, असू दे, मी भांडत नाही. पण तिनं बोट झटकलं तेव्हा माझ्या पावलावर एक थेंब पडला. रिकाम्या पेल्यातला. आणि तो गार नव्हता, गरमही नव्हता.

मी आत धावले. झोळीतून बाळाला उचललं तर ते हलकं लागलं, आतून कुणी काढून घेतल्यासारखं. डोळे उघडे. ओठ कोरडे, पापुद्रे आलेले. टाळूवर हात ठेवला तर टाळू खोल गेलेली. मी प्रेमराजला हाक मारली, हलवलं, त्याच्या खांद्यावर मारलं. त्यानं कूस बदलली. माझ्या संसारात या माणसानं इतक्या वेळा कूस बदलली आहे की आता मला त्याच्या पाठीचाच चेहरा जास्त ओळखीचा वाटतो.

गट... गट... पलीकडे चालूच होतं.

नेहल घागरीपासून हलायला तयार नव्हती. ओढली तर किंचाळेल, आणि कोण जाणे का, त्या खोलीत कुणी किंचाळू नये असं मला वाटत होतं. म्हणून मी बाळाला घेऊन तिच्याजवळच जमिनीवर बसले, घागरीच्या शेजारी, भिंतीला टेकून. नेहलला दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिनं अंगठा तोंडात घातला. मी घागरीकडे बघितलं नाही. काळी रेघ डोळ्यांच्या कडेला दिसत होती तेवढीच पुरे होती. ती उतरत होती.

तेव्हा मला रडू नाही आलं, राग आला. या माणसांचा. दीड महिना त्यांनी माझ्या मुलाला मेलेल्या माणसाच्या नावानं हाक मारली, त्याला त्या हाकेला वळायला शिकवलं, आणि मग तीच हाक निखाऱ्यावर तूप ओतून, तीनदा, मेलेल्यांना मारली. या, पाणी प्या. मग जो वळायला शिकला होता तो वळला. त्यात त्याची काय चूक? आणि ही माणसं आता रस पचवत झोपली होती. या कशावरही माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. पण माझं मूल माझ्या मांडीवर वाळत चाललं होतं आणि बाजूची घागर रिकामी होत होती. तेवढं तरी मला कळत होतं.

हाकेला वळतो आहे ना, मग हाकच बदलायची.

एक नाव माझ्या मनात कॉलेजपासून होतं. मुलगा झाला तर ठेवीन म्हणून. ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, प्रेमराजलाही नाही, कारण तो त्यावरही विनोद करील. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे मलाही ठाऊक आहे. मी बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, ताईबाईनं केलं असतं तसंच कुर्रर्र केलं, आणि ते नाव सांगितलं. हळू. अगदी हळू. मग परत. मग परत.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा त्यानं डोळे मिचकावले. तिसऱ्यांदा त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडला. खराखुरा, लाल होऊन, मुठी आवळून, बाळासारखा. मी पदर बाजूला केला आणि तो असा लुचायला लागला की मला दुखलं.

गटगट थांबली होती.

रडण्यानं घर जागं झालं. काय झालं म्हणत सगळे आले आणि मला पितरांच्या पुढ्यात जमिनीवर उघडी बसलेली पाहून अक्कांनी आधी डोक्याला हात लावला. मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं. नाव नाही सांगितलं. तरी प्रेमराज हसला, ताईबाई हसली. मग अक्कांनी डांगर उचलून घागरीत बघितलं आणि त्या हसायच्या थांबल्या. घागर तळापर्यंत कोरडी होती. खालचे गहूसुद्धा कोरडे.

पण भीती नाही हो वाटली कुणाला. आनंद झाला. नाना घागरीला मिठी मारून रडले, आबा पाणी पिऊन गेले, एवढ्या वर्षांची तहान फिटली म्हणाले. माझ्याकडे बघून असंही म्हणाले, की पाणी द्यायलाही योग्य हात लागतो. मी म्हटलं, नवी घागर आहे, शोषते. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ऊन बाधलं म्हणाले, आईनं जास्त घाबरू नये म्हणाले. ते म्हणताना ते प्रेमराजकडे बघून हसले, माझ्याकडे नाही.

एक चांगलं झालं. आबा तृप्त होऊन गेले असं नानांनीच ठरवल्यामुळे बाळाला कुणी आबा म्हणेनासं झालं. बारशाला ताईबाईनं कानात कुर्र करून लोकेश नाव ठेवलं. मोबाईलवर शोधून काढलं होतं. मी ठेवू दिलं. कागदावर राहू दे लोकेश. मी त्याला एकांतातसुद्धा त्या दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हते. ते जपून ठेवलं होतं, कडीकुलपात ठेवल्यासारखं. इथंही लिहिणार नाही.

निघताना अक्कांनी घागर गाडीत ठेवली. आबांनी उष्टावलेली आहे, पाणी चांगलं राहील, लेकरांना पाजा. मी नको म्हटलं. प्रेमराज म्हणाला, आता घागरीलाही भ्यायचं का? आणली. क्वार्टरच्या मागच्या गॅलरीत मी ती स्वतःच्या हातानं उपडी करून ठेवली आणि वर वीट ठेवली. तिच्यात तेव्हापासून पाण्याचा थेंब पडलेला नाही.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. प्रेमराज ड्युटीवर. नेहल माझ्या पाठीशी झोपलेली, मी कुशीवर होऊन बाळाला पाजत होते. लाइट गेली. कूलरचं पातं हळूहळू थांबलं, पाणी थोडा वेळ टपटपलं, थांबलं. वसाहतीत इतकं सामसूम की चिमणीचा आवाज नाही.

आणि मागच्या गॅलरीतून बाळाला कुणीतरी हाक मारली.

आबा म्हणून नाही. लोकेश म्हणूनही नाही.

मी वळून नेहलकडे बघितलं. ती झोपली होती, तोंड उघडं, श्वास संथ. आणि तो आवाज लहान मुलाचा नव्हताच. मग आठवलं, ते नाव मी कुठं उच्चारलं होतं. कुणाच्या शेजारी बसून.

बाळाचे ओठ सैल पडले. मी त्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं, त्याचा कान तळहातानं झाकला. दुसरी हाक आली, जरा जवळून. त्यानं दूध सोडलं आणि माझ्या हाताखालून मान वळवायला लागला.

मी तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आली नाही. त्याऐवजी पाण्यात बोट बुडवल्याचा आवाज आला, त्या उपड्या, कोरड्या घागरीतून. मग जरा वेळ काहीच नाही. जणू कुणी ते नाव जिभेवर घेऊन त्याची चव बघत होतं.

आणि मग, नाकातून, सावकाश...

"हं."